परतीचे अंक

डिसेंबरातली दुपार, साडेतीनलाच दिवे लागलेले,
तार्तूच्या एका गल्लीत, चौथ्या मजल्यावर
नव्या मासिकाची बैठक.

उर्मासने भिंतीवर आलेख चिकटवलाय.
दोन हजार आठ साली अकरा हजार चारशे,
मग घसरगुंडीवरच्या पोरासारखी रेघ
हात वर करून खाली येते,
थेट सत्तावीसशेवर.
"हा तळ," उर्मास म्हणतो.
गेल्या डिसेंबरातही हेच म्हणाला होता.
तेव्हा तळ एकतीसशेवर होता.

काय खपतं? शब्दकोडी खपतात,
मोठ्या टायपातली जास्त.
विणकामाचे नमुने. कधी काय पेरावं ते सांगणारं बागेचं पंचांग.
मत मात्र फुकट दिलं तरी कोणी उचलत नाही.
स्टेशनबाहेरच्या टपरीत आमच्या फळीवर
आता सॉसेज फिरवणारं यंत्र बसलंय,
आणि टपरीवाला सांगतो, त्याची परत काही येत नाही.

काइदी चोवीस वर्षांची. तिला काढायचंय
वर्षाला चार अंकांचं, खरखरीत जाड कागदाचं,
एकाच विषयाचं मासिक: दलदल.
हो, दलदल. अर्धा देश रविवारी तिथेच चालायला जातो,
ती म्हणते, आणि वाचायला एक पान नाही.
"पैसे बुडवायला जागा योग्य आहे," उर्मास म्हणतो.
"तुला तळ हवाय ना," काइदी म्हणते,
"तिथे तो सात मीटरवर लागतो. मोजलाय."

माझं काम परतीच्या अंकांचं.
तेवीस वर्षं गठ्ठे सोडतोय,
सुतळी एकीकडे, कागद एकीकडे.
न उघडलेला अंक कितीही शिळा झाला
तरी त्याला नव्याचाच वास येतो.
त्यासाठी तक्त्यात रकाना नाही.
कुठे किती पाठवायचे, हे मला विचारतात,
कारण कुठे खपत नाही
हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

मी वही उघडली.
विर्त्सू, बोटीचा धक्का, टपरी एकोणीस.
पाठवले तीन, परत दोन.
पाठवले तीन, परत दोन.
अकरा वर्षं.
उन्हाळ्यात बेटावर जाणाऱ्यांची रीघ लागते तेव्हा दोन,
बर्फाने बोट अडते तेव्हाही दोनच.
"एवढा इमानी वाचक?" उर्मास खुर्चीत सरसावला.
"त्यालाच विचारू, कसलं मासिक हवं."

फोन लावला, स्पीकरवर.
साल्मे नावाची बाई. मागे भोंगा वाजत होता.
"तो अंक? तो मीच घेते."
आवडतो?
"उघडत नाही हो फारसा. पण महिन्यात एकही गेला नाही
तर तुमची गाडी इकडे वळायची बंद होईल,
असं तुमच्याच पत्रात होतं.
आंद्रुस थांबतो, कॉफी घेतो, गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगतो.
थंडीत कधी कधी दिवसभरात तेवढंच माणूस."

खोलीत कोणी कोणाकडे बघितलं नाही.
ते पत्र मी टाइप केलं होतं.
तशी एकशे चाळीस पत्रं.

काइदी उठली, आलेखाच्या टोकाशी पेन्सिलीने लिहिलं:
दोन हजार सहाशे नव्व्याण्णव.
मग थांबली. पेन्सिल तशीच हातात.
अशा साल्मे अजून किती?
उर्मासने ते खोडलं नाही.

"नवं काढताय म्हणे," फोन अजून चालू होता.
"कशावर?"
दलदलीवर.
बराच वेळ नुसता वारा.
"माझा बाप दलदलीतली माती कापायचा, जळणासाठी.
हातभर खणलं की पाणी काळ्या चहासारखं.
फोटो असतील?"
असतील.
"मग पाठवा. चार... नाही, तीनच.
एक मी वाचेन.
दोन परत पाठवायला लागतीलच,
नाहीतर आंद्रुस कशाला थांबेल?"

मी वहीत लिहिलं: विर्त्सू, तीन.